कशावरून? : एकोणिसाव्या शतकातल्या एका प्रश्नाची हकिगत



मागच्या व्याख्यानात आम्ही न्यायदर्शनातल्या प्रमाणविचाराबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "सर, हे सगळं ठीक आहे. पण शेकडो वर्षं इतकी माणसं एखादी गोष्ट करत आली, ती सगळी काय मूर्ख होती?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, मनापासून विचारलेला होता. आम्ही तेव्हा उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिलं. घरी गेल्यावर ते आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आज तोच प्रश्न पुन्हा घेतो, या वेळी दर्शनांपेक्षा इतिहासाच्या आधाराने.

आधी कबूल करून टाकू, की ती माणसं मूर्ख नव्हती. ज्वारी कधी पेरायची, लोणच्यात मीठ किती घालायचं, बाळंतिणीला काय खायला द्यायचं, हे कुणी प्रयोगशाळेत जाऊन शिकलं नव्हतं. ते परंपरेनेच आलं. पण लोणचं नासलं तर आमची आजीसुद्धा विचारायची, "मीठ कमी पडलं, की बरणी ओली होती?" आणि पुढच्या वर्षी ती बदल करायची. अशी परंपरा प्रश्न सहन करते, आणि प्रश्नांनीच सुधारते. तिच्याशी कुणाचं भांडण असायचं कारण नाही. आजचा आमचा विषय आहे ती दुसरी परंपरा, जिला "कशावरून?" असं विचारलं की उत्तर मिळत नाही, शिक्षा मिळते.

ही शिक्षा हे काही आम्ही अलंकारिक बोलत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय, की जो द्विज हेतुशास्त्राच्या, म्हणजे तर्काच्या, बळावर श्रुती आणि स्मृती यांचा अवमान करील त्याला सज्जनांनी बाहेर काढावं. लक्षात घ्या, त्याचा तर्क चुकीचा असल्याचं दाखवून द्यावं असं नाही म्हटलेलं; बाहेर काढावं असं म्हटलंय. आता याच्या शेजारी वात्स्यायनाचं न्यायभाष्य ठेवा. शब्दप्रमाण कशाला म्हणायचं, तर आप्ताच्या सांगण्याला. आणि आप्त कोण? ज्याला त्या विषयाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, आणि जे ठाऊक आहे ते जसंच्या तसं सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे कोण बोलतोय यापेक्षा त्याला ते कसं कळलं हे महत्त्वाचं! मीमांसकांनी वेद अपौरुषेय ठरवून या प्रश्नाची वाटच बंद केली, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'कशावरून' हा प्रश्न विलायतेहून बोटीत बसून आला, हे जे आपल्याकडे अधूनमधून ऐकू येतं त्यात तथ्य नाही. तो इथे होताच. फक्त पंडितांच्या सभेत त्याला जागा होती, आणि गावच्या पंक्तीत नव्हती.

पंक्ती हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आजच्या शहरी मुलांना समजावून सांगावं लागतं. तुम्हाला कुणी मारत नाही, तुरुंगात टाकत नाही. तुमच्या घरच्या श्राद्धाला भिक्षुक येत नाही. लग्नाच्या जेवणाला तुम्हाला बोलावणं नसतं. न्हावी येत नाही, पाणी भरायला बाई मिळत नाही. बहीण माहेरपणाला आली तर तिच्या सासरचे तिला परत घेत नाहीत. आणि शेवटी, मुलगी वयात येते आणि तिला स्थळ येत नाही. हे सगळं कुठलीही आज्ञा न वाचता, नुसत्या कुजबुजीने घडतं. असल्या यंत्रणेला युक्तिवादाची गरजच पडत नाही.

ही यंत्रणा किती परिणामकारक होती, याचं आम्हाला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण परमहंस सभेचं आहे. १८४९ साली मुंबईत ही सभा निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर, दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग अशी शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसं तिच्यात होती. दादोबा म्हणजे मराठीचं व्याकरण १८३६ सालीच लिहून छापणारे दादोबा. (व्याकरणकाराला 'असं का?' विचारायची खोड असतेच. 'बोलतात म्हणून बोलतात' या उत्तरावर त्याचं समाधान होत नाही.) ईश्वर एक आहे आणि माणसामाणसांत जात नाही, ही सभेची मुख्य तत्त्वं. सभेत शिरताना नव्या माणसाला पावाचा एक तुकडा खावा लागे. पाव ख्रिस्ती पाववाल्याच्या भट्टीतला, म्हणून तो खाल्ला की जात गेली. आज मुंबईत सकाळी ज्या निर्विकारपणे आपण वडापाव खातो, त्या पावाचा तुकडा तोंडात घालताना तेव्हा माणसाचा हात थरथरत असणार.

पण हे सगळं गुप्त होतं. बैठका बंद दाराआड. सभासद पुरेसे वाढले की मग उघड व्हायचं, असा बेत. दहा-अकरा वर्षं हे चाललं. घरी जानवं, संध्या, सोवळं. आणि सभेत पाव. १८६० च्या सुमाराला सभेचे कागदपत्र चोरीला गेले. सभासदांची नावं आता बाहेर फुटणार, अशी धास्ती पसरली आणि सभा विरून गेली. खंडनाचा एकही ग्रंथ तिच्याविरुद्ध लिहावा लागला नाही. कुणी येऊन वाद घातला नाही. एक यादी हरवली, एवढंच झालं.

आम्ही वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं हसायची. आम्ही त्यांना हसू द्यायचो आणि मग विचारायचो, तुमच्यापैकी किती जणांनी आपली मैत्रीण किंवा मित्र दुसऱ्या जातीतला आहे हे घरी सांगितलंय? वर्ग एकदम शांत व्हायचा.

परमहंस सभेतल्याच काही मंडळींनी पुढे १८६७ मध्ये उघडपणे प्रार्थना समाज काढला. तो टिकला. मात्र जात मोडण्याची अट त्यात राहिली नव्हती.

आता दुसरा मार्ग. लपून न राहता उघड उभं राहायचं, पण परंपरेच्याच भाषेत बोलायचं. म्हणजे शास्त्रातूनच शास्त्राला उत्तर द्यायचं. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाला पाराशरस्मृतीतल्या एका श्लोकाचा आधार दाखवला आणि १८५६ मध्ये सरकारने कायदा केला. मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांनी १८६५ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. १८६९ मध्ये मंडळींच्या पुढाकाराने एक पुनर्विवाह झाला, आणि त्यात भाग घेतलेल्यांवर बहिष्कार पडला. मग १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर जाहीर वादविवाद ठरला. दोन्हीकडचे शास्त्री बसले, कित्येक दिवस चर्चा झाली, आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला.

त्या श्लोकावरून देशभर जो वाद चालला त्यातला एक मुद्दा तुम्हाला सांगितलाच पाहिजे. श्लोकात पाच आपत्ती सांगितल्या आहेत. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला, तर स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. अर्थ सरळ दिसतो. पण श्लोकात 'पतौ' असं रूप आलंय, आणि पाणिनीप्रमाणे 'पति' शब्दाचं सप्तमीचं रूप 'पत्यौ' व्हायला हवं. तेव्हा सनातनी शास्त्री म्हणाले, इथे आधीच्या 'पतिते' नंतर एक 'अ' लुप्त आहे. तो 'पतौ' नाही, 'अपतौ' आहे. अपती म्हणजे जो अजून पुरता पती झालेला नाही तो, ज्याच्याशी नुसतं वाग्दान झालंय तो. म्हणजे ही सूट लग्न झालेल्या बाईला नाही, नुसतं ठरलेल्या मुलीला आहे. सुधारक शास्त्र्यांनी उलट दाखवलं, की आर्ष ग्रंथांत अशी रूपं येतात, त्यात काही विशेष नाही.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला या वादाचं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू? केवढी बुद्धी, केवढी तयारी! आणि त्याच वेळी अंगावर काटाही येतो. आठव्या वर्षी लग्न झालेली, नवव्या वर्षी विधवा झालेली, केस काढलेली मुलगी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसली आहे आणि तिचं उरलेलं सगळं आयुष्य एका न दिसणाऱ्या 'अ' वर अवलंबून आहे. तिला काय सोसावं लागतंय, हा पुरावा या दरबारात दाखलच होत नव्हता. वाद कोणीही जिंकला असता तरी तो व्हायचा नाही, कारण प्रमाण काय मानायचं हे दोन्ही पक्षांनी आधीच मान्य करून टाकलं होतं. आमच्या मते सुधारकांची खरी अडचण तिथे होती, निकालात नव्हती. विष्णुशास्त्र्यांचा मोठेपणा असा, की हरल्यावर ते गप्प बसले नाहीत. पुढे त्यांनी स्वतः पुनर्विवाह केला.

याच काळात पुण्यात एक माणूस वेगळाच प्रश्न विचारत होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्यापायी पतिपत्नींना वडिलांचं घर सोडावं लागलं. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भिक्षुकाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. जोतीरावांचा प्रश्न 'कशावरून' एवढ्यावर थांबत नव्हता. 'हे कुणाच्या सोयीचं आहे?' इथपर्यंत तो जात होता. आणि पाहा, हा प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर कसं आलं ते. जुन्नरजवळच्या ओतूरला एका पाटलांच्या घरी भिक्षुकाला न बोलावता लग्न लागलं. गावच्या जोशीबुवांनी न केलेल्या कामाच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. धर्म बुडाला ही तक्रार वेगळी. कोर्टात मागणी हक्काच्या उत्पन्नाची होती. जोतीराव जे म्हणत होते त्याला याहून चांगला पुरावा जोतीरावांनाही देता आला नसता.

आता आम्ही अशा एका माणसाकडे येतो ज्याच्याबद्दल बोलताना आमचं मन दरवेळी द्विधा होतं. महादेव गोविंद रानडे. विधवाविवाहाचे ते खंदे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते. आता हे एखाद्या विधवेशी लग्न करणार, अशी अनेकांची अपेक्षा होती, आणि त्यांच्या वडिलांची भीतीही तीच. वडिलांनी घाई करून अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न लावून दिलं. रानड्यांनी वडिलांना समजावलं, विनवलं, आणि शेवटी मान तुकवली. ती मुलगी म्हणजे रमाबाई. रानड्यांनी त्यांना शिकवलं, पुढे त्यांनी सेवासदनासारखं काम उभं केलं, हे सगळं खरं आहे. तरीपण झालं ते झालं.

मग १४ ऑक्टोबर १८९० चं पंचहौद मिशनमधलं प्रकरण. पुण्यातली चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी तिथे एका कार्यक्रमाला गेली. चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे खट्याळ गृहस्थ. त्यांनी हजर मंडळींची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. पुन्हा एक यादी! फरक एवढाच, की परमहंस सभेची यादी चोराने नेली होती आणि ही आतल्याच माणसाने छापली. तिच्यात रानडे होते, टिळक होते, गोखले होते. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि ज्या मित्रांच्या घरच्या लग्नमुंजी अडल्या होत्या त्यांच्यासाठी म्हणून १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे, तो मुळातून वाचावा.

एक कप चहा, मित्रहो. त्या काळच्या हिंदुस्थानातली सर्वांत तल्लख डोकी, आणि एक कप चहा.

तरुणपणी आम्ही रानड्यांवर फार कडक बोलायचो. एका व्याख्यानात तर 'भित्रे' असा शब्द वापरला होता. त्यानंतर काही वर्षांनी आमचे वडील गेले. दहाव्या दिवशी कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर आम्ही उघड्या अंगाने उभे होतो. पिंड मांडलेले होते आणि कावळा शिवत नव्हता. तर्कशास्त्र शिकवून आम्हाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. कावळा पिंडाला शिवणं आणि मृताची इच्छा यांत कार्यकारणभाव नाही, हे आम्ही फळ्यावर लिहून सिद्ध करून दाखवू शकलो असतो. मागून आत्या म्हणाली, "बोल रे काहीतरी. धाकटीचा जीव लागला होता त्याला." आम्ही आत्याकडे पाहिलं. रात्रंदिवस रडून तिचे डोळे सुजले होते. आणि आम्ही हात जोडून मोठ्याने म्हणालो, "दादा, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ." कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी जेवायला गेलो.

ते चूक होतं की बरोबर, याचा निवाडा आम्ही आजवर करू शकलेलो नाही. पण रानड्यांना भित्रे म्हणायचं आम्ही त्या दिवसापासून सोडलं. बहिष्काराशी माणूस एखाद्या वेळी लढेल. आत्याच्या डोळ्यांशी कसा लढणार? परंपरेची खरी ताकद पोथीत नसते, ती अशा माणसांच्या मायेत गुंतलेली असते, आणि हे न ओळखता विवेकवादावर बोलणारा वक्ता आम्हाला जरा कच्चा वाटतो.

आणि तरीही. तरीही एक माणूस असा झाला की ज्याने हे सगळं ओळखलं आणि प्रश्न मागे घेतला नाही. त्या संगमापासून थोड्याच अंतरावर, कृष्णाकाठी, टेंभू नावाचं गाव आहे. तिथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. कमालीचं दारिद्र्य. अंगावरचा एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांच्या विद्यार्थिदशेतली गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. डेक्कन कॉलेजात एम.ए. होत असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तू सोडून दे, पोटापुरत्या पैशावर मी लोकांचं काम करणार आहे. गरीब घरच्या आईला हे लिहिणं सोपं नव्हतं. म्हणजे माया त्यांनाही होती.

डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर एकमेकांचे जिवलग. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, आगरकर संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. (या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी धावून आले ते फुल्यांचे सहकारी, हे सहसा सांगितलं जात नाही.) तुरुंगात दोघांचं बोलणं रात्री इतक्या जोरात चालायचं, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. पुढे याच दोघांचं फाटलं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात गोखल्यांना जोडीला घेऊन 'सुधारक' काढला.

आगरकरांचं वेगळेपण कशात? पुष्कळ जण म्हणतात, त्यांच्या धीटपणात. आमच्या मते ते त्यांनी मानलेल्या प्रमाणात आहे. विधवेचं केशवपन व्हावं की नाही, बालविवाह असावा की नसावा, स्त्रियांनी अंगात जाकीट घालावं की नाही, मेलेल्या माणसाचे संस्कार कसे करावेत, अशा प्रत्येक बाबतीत ते शास्त्रात काय लिहिलंय यापाशी थांबतच नाहीत. या चालीने कुणाला सुख होतं, कुणाला दुःख होतं, ती कोणत्या समजुतीतून निघाली, ती समजूत आज खरी आहे का, असं ते विचारत जातात. मिल्ल आणि स्पेन्सर त्यांनी पचवलेले होते, पण लेखांत विलायती नावांचं अवडंबर नाही. पुण्याच्या वाड्यातल्या बायकांचे हाल आहेत, श्राद्धाची जेवणं आहेत, चौकातल्या गप्पा आहेत. वाक्यमीमांसेवर, म्हणजे वाक्याच्या पृथक्करणावर, त्यांनी एक पुस्तक लिहिलंय. रूढीकडेही ते वाक्याकडे पाहावं तसे पाहतात; कर्ता कोण, कर्म कोण, आणि क्रिया कुणावर घडते आहे. केशवपनाच्या वाक्यात कर्म कोण आहे, हे एकदा दिसलं की 'पतौ' आणि 'अपतौ' यांची जरूर राहत नाही.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हे सगळं पणाला लागलं. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली होती. सरकारने संमतीचं वय दहावरून बारा करायचं ठरवलं. दोन वर्षं फक्त! त्यावरून पुणं पेटलं. डॉ. भांडारकरांनी शास्त्राधार काढून कायद्याची बाजू मांडली. टिळकांनी विरोध केला. टिळकांवर अन्याय नको. त्यांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी. शिवाय त्यांनी सुधारकांना आव्हान दिलं होतं, की आधी तुम्हीच लिहून द्या, मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही. हे आव्हान बिनतोड होतं. कित्येक सुधारकांची त्यापुढे पंचाईत झाली असणार. बोलणाऱ्याने आधी करून दाखवावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण एक गोष्ट त्यात सुटते. बापाने सही केली तर त्याची मुलगी वाचेल. ज्याने सही केली नाही त्याच्या मुलीचं काय? तिच्या सहीला कोण विचारतंय? आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९ मार्च १८९१ ला कायदा झाला.

किंमत त्यांनी किती मोजली? पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या घरावरून. जिवलग मित्र आता वर्तमानपत्रातून वार करत होता, आणि हेही उलट करत होते; आगरकरांची लेखणी काही मवाळ नव्हती, कधीकधी ती बोचकारत असे. दमा लहानपणापासूनचा, तो वाढत गेला. घरात मात्र, स्वतः अज्ञेयवादी असूनही, यशोदाबाईंच्या देवधर्मात त्यांनी ढवळाढवळ केली नाही. काहींना ही विसंगती वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. स्वतःची बुद्धी दुसऱ्यावर लादली तर ती दुसऱ्याला रूढीसारखीच लागते.

एक उणीव सांगायला हवी. त्यांचा वाचक पांढरपेशा होता, आणि त्यांनी मोजलेलं दुःख बहुतांशी त्याच घरांतलं होतं. शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्याच्या दारात प्रश्न घेऊन जायचं काम फुल्यांनी केलं. दोघं एकाच शहरात होते, आणि दोघांचे प्रश्न एकत्र आले असते तर काय झालं असतं, या विचाराने आम्हाला अजून हळहळ वाटते.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ ला पहाटे ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. प्रेतसंस्कारांवर इतकं तिखट लिहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या अंत्यविधीची एक आठवण सांगतात. त्यांच्या पश्चात एक पुडी सापडली. आत दहनाच्या खर्चापुरते पैसे बांधून ठेवलेले होते.

वेळ झाली. मागच्या वेळी प्रश्न विचारणारे गृहस्थ आजही आलेले दिसताहेत, आणि त्यांचा हात वर आहे. माईक त्यांच्याकडे द्या.